निवृत्तांचा सामना आणि सहृदय प्रेक्षक

३० मार्च २०२५ रोजी चेन्नईच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर ब्राझीलच्या निवृत्त फुटबॉलपटूंचा संघ भारताच्या निवृत्त फुटबॉलपटूंशी खेळला. ब्राझीलकडून २००२ च्या विश्वविजेत्या संघातले रोनाल्डिन्हो, रिव्हाल्डो, गिल्बर्टो सिल्व्हा ही मंडळी आली होती. १९९४ चा विश्वविजेता कर्णधार डुंगा प्रशिक्षक म्हणून त्यांच्यासोबत होता. ब्राझीलने सामना २-१ असा जिंकला. रोनाल्डिन्होने नऊच दिवसांपूर्वी वयाची पंचेचाळीस वर्षे पूर्ण केली होती आणि रिव्हाल्डोला त्रेपन्न पूर्ण व्हायला तीन आठवडे उरले होते. ह्या निकालाने कोणाला चषक मिळाला नाही, कोणाची क्रमवारी बदलली नाही, कोणाचे स्वप्न मोडले नाही. तरीही तिकिटे काढून हजारो माणसे आली. ही माणसे नेमके काय पाहायला आली होती, हा ह्या लेखाचा विषय आहे.

वाङ्मयीन अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण 'प्रेक्षक काय पाहतो?' हा प्रश्न मुळात आपल्याच घरचा आहे. भरतमुनींपासून आपल्याकडे त्याचा विचार झाला. रंगमंचावरचा राम हा राम नाही हे ठाऊक असूनही प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी का येते, ह्यावर आपल्या पूर्वसूरींनी किती शाई खर्च केली! मैदानावरचा पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ म्हणजे २००२ चा रोनाल्डिन्हो नव्हे, हे चेन्नईतल्या प्रत्येक प्रेक्षकाला ठाऊक होते, आणि तरीही त्याच्या पायाशी चेंडू आला की माणसे उभी राहतात. प्रश्न तोच आहे, रंगभूमी तेवढी बदलली आहे. गेली अनेक वर्षे मुलांना मराठी शिकवताना ज्या परिभाषेचा मला उपयोग झाला, तीच परिभाषा घेऊन मी ह्या सामन्यांकडे पाहणार आहे.

१

प्रदर्शनीय सामन्यात काय नसते ते आधी पाहू. पहिली गोष्ट म्हणजे वेग नसतो. धावणारा खेळाडू धावल्यासारखे करतो आणि अडवणारा अडवल्यासारखे. दुसरी गोष्ट, धोका नसतो. कोणी कोणाच्या घोट्यावर येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकाच विमानाने जायचे असते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, परिणाम नसतो. खेळातला सगळा ताण 'आता काय होणार?' ह्या प्रश्नातून जन्माला येतो, आणि इथे काय होणार ह्याने कोणाचेच काही बिघडत नाही. नाटकाच्या भाषेत सांगायचे तर संघर्षच काढून टाकलेले हे नाटक आहे. शुद्ध खेळ म्हणून ह्या सामन्यांची समीक्षा करायला बसलो, तर चार ओळींत निकाल लागेल.

पण प्रेक्षक शुद्ध खेळ पाहायला आलेलाच नसतो. तो एकाच वेळी दोन सामने पाहत असतो, एक समोरच्या गवतावर आणि दुसरा स्वतःच्या मनात. समोरचा सामना मंद असतो, पण त्यातली एखादी लकब मनातल्या सामन्याला जाग आणते. रोनाल्डिन्होचेच उदाहरण घ्या. डावीकडे पाहत उजवीकडे चेंडू सरकवून देण्याची त्याची हातोटी, म्हणजे खरे तर पायोटीच म्हणायला हवी, वेगावर अवलंबून नव्हती. ती नजरेवर आणि खोडकरपणावर अवलंबून होती. शरीर जड झाले तरी खोडकरपणाला वय नसते. तो तसा पास देतो त्या क्षणी जाणत्या प्रेक्षकाच्या मनात २१ जून २००२ चा जपानमधला शिझुओकाचा सामना उभा राहतो. इंग्लंडचा गोलरक्षक सीमन पुढे आलेला, लांबवरून घेतलेली ती फ्री किक, त्याच्या डोक्यावरून जाळ्यात उतरलेला चेंडू, आणि थोड्याच वेळात त्याच रोनाल्डिन्होला दाखवलेले लाल कार्ड. पास समोर घडतो एक सेकंद, पण रस निर्माण होतो तो तेवीस वर्षांच्या अंतरातून.

मराठी माणसाला हा अनुभव परका नाही. बालगंधर्वांनी उतारवयातही स्त्रीभूमिका केल्या. शरीर साथ देत नव्हते, आवाजही पूर्वीचा राहिला नव्हता, तरी रसिक जात राहिले. त्यांच्या काळाविषयी जे लिहून ठेवले गेले आहे ते वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. त्या शेवटच्या वर्षांतल्या प्रेक्षकांचे दोन तट होते. एकाला वाटे की थोर माणसाने असे दिसू नये. दुसऱ्याला एखादी तान, एखादा पदर सावरण्याचा ढंग पुरेसा होता आणि उरलेले तो स्वतः भरून काढत होता. आज निवृत्त फुटबॉलपटूंच्या सामन्यांवर जी चर्चा होते ती ह्याच दोन तटांत होते. 'कशाला हसे करून घेतात?' हा पहिला तट, आणि 'एकदा तरी डोळ्यांनी पाहिला' हा दुसरा.

ह्या दोन तटांत निवाडा करायचा तर प्रेक्षकाकडे वळावे लागेल. कारण अशा सामन्यातला अर्धा खेळ प्रेक्षक घरून घेऊन येतो. आणि जो अर्धा खेळ घरून आणायचा, तो त्याच्याकडे आला कुठून, हे तपासल्याशिवाय समीक्षा पूर्ण होत नाही.

२

ह्या दृष्टीने मला तीन ठिकाणचे तीन प्रेक्षक शेजारी शेजारी ठेवून पाहावेसे वाटतात.

पहिला प्रेक्षक ब्युनोस आयर्सचा. १० नोव्हेंबर २००१ रोजी तिथल्या 'ला बोम्बोनेरा' ह्या मैदानावर दिएगो माराडोनाचा निरोपाचा सामना झाला. अर्जेंटिनाचा संघ एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला कँटोना, स्टॉइचकॉव्ह, व्हाल्डेरामा, हिगुइटा असे जगभरातले नामवंत. माराडोना एक्केचाळीस वर्षांचा होता. त्याचा शेवटचा अधिकृत सामना १९९७ मध्येच होऊन गेला होता आणि मधल्या काळात व्यसनाने आणि आजाराने त्याचे शरीर पार बदलून टाकले होते. अर्जेंटिनाने सामना ६-३ असा जिंकला. त्यात माराडोनाने दोन गोल केले, दोन्ही पेनल्टीवर. समोरचे गोलरक्षक किती मनापासून झेपावले ह्याची चौकशी कोणी केली नाही, आणि करूही नये.

सामन्यानंतर तो मैदानात उभा राहून बोलला. आपण चुकलो आणि त्याची किंमत मोजली, पण चेंडूला डाग लागत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. ते बोलणे त्या जागी इतके खोल का गेले? कारण बोम्बोनेरातल्या माणसांनी हा मुलगा वाढताना पाहिला होता. १९८१ मध्ये तो बोका ज्युनियर्सकडून ह्याच गवतावर खेळला होता. त्याचे वैभव आणि त्याची घसरण दोन्ही त्यांनी जवळून पाहिले होते. त्यांच्या मनातला सामना त्यांचा स्वतःचा होता. तो त्यांना कोणी विकला नव्हता.

दुसरा प्रेक्षक कलकत्त्याचा. २४ सप्टेंबर १९७७ रोजी ईडन गार्डनवर पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाकडून मोहन बागानविरुद्ध खेळला. तांत्रिकदृष्ट्या पेले तेव्हा निवृत्त झालेला नव्हता, परंतु पुढच्याच आठवड्यात, १ ऑक्टोबरला, न्यूयॉर्कजवळच्या जायंट्स स्टेडियमवर तो अखेरचा सामना खेळणार होता. वय छत्तीस, पावसाने मैदानाचा चिखल झालेला, आणि एवढा मौल्यवान खेळाडू निरोपाच्या तोंडावर जपून खेळणार हे उघड होते. कलकत्त्याच्या बहुतेक प्रेक्षकांनी पेलेला त्यापूर्वी खेळताना पाहिलेलेच नव्हते. दूरदर्शनचे तिथले केंद्र दोनच वर्षांपूर्वी सुरू झाले होते. १९५८ आणि १९७० चा पेले त्यांना माहीत होता तो वर्तमानपत्रांतून, छायाचित्रांतून आणि एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींतून.

मग हा प्रेक्षक घरून काय घेऊन आला होता? मला वाटते, तो स्वतःचे फुटबॉल घेऊन आला होता. मोहन बागानचे प्रशिक्षक होते पी. के. बॅनर्जी. १९६२ च्या जकार्ता एशियाडच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले, त्यातला एक गोल त्यांचा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते भारताचे कर्णधार होते. कलकत्त्याचा प्रेक्षक त्यांच्याच तालमीत तयार झाला होता असे म्हटले तरी चालेल. पेलेला रोखण्याचे काम गौतम सरकारकडे होते. श्याम थापा आणि हबीब ह्यांनी गोल केले. सामना २-२ असा बरोबरीत सुटला. त्याच वर्षी मोहन बागानने आयएफए शील्ड, ड्युरँड आणि आपल्या मुंबईतली रोव्हर्स ह्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. पेलेला पाहायला आलेल्या त्या गर्दीला पेलेइतकाच गौतम सरकारही लक्षात राहिला. पन्नास वर्षे होत आली तरी त्या सामन्याची गोष्ट सांगताना बंगाली माणूस दोन्ही नावे घेतो.

तिसरा प्रेक्षक चेन्नईचा. चेन्नई हे इथे केवळ गावाचे नाव आहे. हा प्रेक्षक तुम्ही आणि मीसुद्धा आहोत. त्याच्या मनातला सामना दूरचित्रवाणीवरून आलेला आहे. मी स्वतः त्याच पिढीचा. १९८६ चा विश्वचषक दूरदर्शनने दाखवला तेव्हा मी शाळकरी वयाच्या काठावर होतो, आणि अपरात्री जागून इंग्लंडविरुद्धचा माराडोना पाहिलेली माझ्या वयाची माणसे बेळगावपासून बडोद्यापर्यंत गावोगाव सापडतील. ती आठवण खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पडद्यावर पाहिलेल्या गोष्टीने अंगावर आलेला काटा खराच असतो. पुस्तकातले पात्र आपण प्रत्यक्ष कुठे पाहिलेले असते?

परंतु एक फरक आहे. बोम्बोनेराच्या प्रेक्षकाची आठवण कमावलेली होती. कलकत्त्याच्या प्रेक्षकाकडे पेलेची आठवण नव्हती, पण खेळाची स्वतःची पुंजी होती. आपल्याकडे पेले-माराडोना-रोनाल्डिन्होंच्या आठवणी भरपूर आहेत, आणि स्वतःची पुंजी फार थोडी आहे. आपण उसन्या आठवणींवर श्रीमंत झालो आहोत. प्रदर्शनीय सामना ह्या श्रीमंतीला कसोटीवर लावतो.

३

कोणत्याही कलाप्रकाराची चांगली आणि वाईट उदाहरणे असतात, तशी ह्याही प्रकाराची आहेत. चांगल्याची खूण कोणती? आपल्या काव्यशास्त्रात 'औचित्य' नावाची एक फार उपयोगी कल्पना आहे. ज्या सामन्यात वय लपवले जात नाही आणि तरीही खेळाचा मान राखला जातो, त्या सामन्यात औचित्य आहे असे मी म्हणेन.

इंग्लंडच्या स्टॅन्ली मॅथ्यूजचा निरोपाचा सामना २८ एप्रिल १९६५ रोजी स्टोकला झाला. हा माणूस वयाच्या पन्नाशीपर्यंत पहिल्या श्रेणीत खेळत होता. त्याच्यासाठी युरोपातले मोठमोठे खेळाडू जमले, आणि शेवटी हंगेरीचा पुश्काश आणि रशियाचा गोलरक्षक याशिन ह्या दोघांनी त्याला खांद्यावर घेतले. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत सोव्हिएत रशियाचा याशिन आणि हंगेरी सोडून स्पेनमध्ये स्थायिक झालेला पुश्काश एका इंग्रज खेळाडूला मिळून उचलतात, हे दृश्य कोणत्याही गोलपेक्षा मोठे होते. प्रदर्शनीय सामन्यालाच असे दृश्य शक्य असते. चुरशीच्या सामन्यात खांदे मोकळे नसतात.

दुसरे उदाहरण माद्रिदचे. ७ जून १९६७ रोजी रेआल माद्रिदच्या डी स्टेफानोच्या सन्मानार्थ सामना झाला. प्रतिस्पर्धी होता स्कॉटलंडचा सेल्टिक, जो जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी युरोपचा विजेता ठरला होता. डी स्टेफानो सुरुवातीची काही मिनिटे खेळला आणि टाळ्यांच्या कडकडाटात बाहेर गेला. उत्सवमूर्ती बाहेर गेल्यावर सामना पाहुणचाराने संपला असता तरी चालले असते. पण सेल्टिक मनापासून खेळले आणि १-० असे जिंकले. जिमी जॉनस्टन ह्या त्यांच्या छोट्याशा खेळाडूने असा काही खेळ केला की माद्रिदचे प्रेक्षक त्याच्या चेंडूबरोबरच्या प्रत्येक वळणाला दाद देऊ लागले. आपल्या माणसाच्या निरोपाला आलेले लोक परक्याच्या पोराला दाद देतात! अडतीस वर्षांनी, १९ नोव्हेंबर २००५ रोजी, ह्याच मैदानावर बार्सिलोनाच्या रोनाल्डिन्होने रेआल माद्रिदविरुद्ध दोन गोल केले तेव्हा माद्रिदचे काही प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. 'सहृदय' ह्या शब्दाचा अर्थ वर्गात समजावून सांगायला मला ह्याहून चांगले उदाहरण मिळालेले नाही.

तिसरे उदाहरण लिव्हरपूलचे, २९ मार्च २०१५ चे. तिथला लाडका कर्णधार जेरार्ड आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला कॅरेगर ह्यांनी आपापले संघ करून मदतनिधीसाठी सामना खेळला. २-२ अशी बरोबरी झाली. पण तो लक्षात राहिला फर्नांडो टोरेसमुळे. टोरेस २०११ मध्ये लिव्हरपूल सोडून चेल्सीकडे गेला तेव्हा ह्याच लोकांनी त्याला गद्दार ठरवले होते. चार वर्षांनी तो पाहुणा म्हणून परत आला तेव्हा त्यांनी त्याच्या नावाचे जुने गाणे पुन्हा म्हटले. खऱ्या सामन्यात हे घडणे कठीण होते. जिथे गुण पणाला लागलेले नसतात, तिथेच क्षमेला जागा असते. गावजत्रेला भाऊबंदकी विसरून माणसे एका पंगतीला बसतात, तसेच हे.

आता वाईट उदाहरण. १३ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेस्सी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर आला. तो निवृत्त झालेला नव्हता, आणि तो तिथे सामना खेळणारही नव्हता. लोकांनी हजारो रुपयांची तिकिटे काढली होती. मैदानात त्याच्याभोवती पुढाऱ्यांचा, अधिकाऱ्यांचा आणि छायाचित्रे काढून घेणाऱ्यांचा असा गराडा पडला की सज्जांतल्या माणसांना तो धड दिसलाही नाही. थोड्याच वेळात तो निघून गेला. मग खुर्च्या उखडल्या गेल्या, बाटल्या भिरकावल्या गेल्या, आणि आयोजकाला अटक झाली. ज्या शहराने १९७७ मध्ये चिखलात जपून खेळणाऱ्या पेलेला प्रेमाने पाहिले, त्याच शहरात हे घडले. मोडतोडीचे समर्थन कोणी करणार नाही. पण समीक्षक म्हणून मला त्या संतापात एक मागणी ऐकू येते. ह्या लोकांना फक्त तो माणूस नको होता, त्याच्या पायाशी चेंडू हवा होता. पेले जपून का होईना, खेळला होता. माराडोना जड शरीराने का होईना, खेळला होता. थोडा तरी खेळ असल्याशिवाय आठवणीला टेकायला जागा मिळत नाही. चेंडू काढून घेतला की उरते ते नुसते दर्शन, आणि त्यातही रांगेत पुढे कोण उभे राहणार ह्याचे भांडण.

४

ह्यावर दोन आक्षेप येतील.

पहिला आक्षेप असा की हा सगळा पैशांचा बाजार आहे, त्यात औचित्य कसले शोधता? बाजार आहे हे खरेच. मात्र सगळाच नाही. रोनाल्डो आणि झिदान ह्यांनी २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाबरोबर दारिद्र्यनिवारणासाठी सामने सुरू केले. लिव्हरपूलचा सामनाही मदतीसाठीच होता. शिवाय बाजार होता म्हणून नाटक वाईट ठरत नाही. आपल्या संगीत नाटक मंडळ्याही तिकिटावरच चालत होत्या. तिकीट विकले ह्यात पाप नाही. तिकिटाच्या बदल्यात काय दिले, हा प्रश्न विचारायचा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे स्मरणरंजन आहे, ते माणसाला मागे खेचते, असे काही जण म्हणतात. मी त्यांना अर्धेच बरोबर मानतो. ज्या आठवणीला वर्तमानाशी काही देणेघेणे नाही ती खरोखरच गुंगी आणते. परंतु प्रदर्शनीय सामना नीट पाहिला तर तो उलटेही शिकवतो. समोरचा थकलेला माणूस पाहून कळते की त्याच्या तरुणपणी जे घडले ते किती अवघड आणि किती क्षणिक होते. जे सहज वाटले होते ते सहज नव्हते. आणि दुसरे कळते ते असे, की आज आपल्या डोळ्यांसमोर जे तरुण खेळत आहेत त्यांना आत्ताच नीट पाहून घ्यायला हवे. वीस वर्षांनी त्यांच्या प्रदर्शनीय सामन्याला जाताना बरोबर न्यायला काहीतरी हवे ना!

५

इथे मी पुन्हा चेन्नईच्या सामन्याकडे येतो, कारण त्यातली एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली आहे. ब्राझीलने आघाडी घेतल्यावर भारताकडून बरोबरी करणारा गोल बिबियानो फर्नांडिस ह्यांनी केला. नंतर रिकार्डो ऑलिव्हेराच्या गोलाने ब्राझील जिंकले. विश्वविजेत्यांच्या संघावर भारतीयांनी केलेला तो एकच गोल. बिबियानो गोव्याचे. आमच्या घाटाखालचे, बसने काही तासांच्या अंतरावरचे. देशाच्या कुमार संघांचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी अनेक वर्षे काम केले आहे. २०१८ मध्ये त्यांच्या हाताखालचा सोळा वर्षांखालील संघ आशियाई स्पर्धेच्या उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत गेला होता, आणि दक्षिण कोरियाकडून एकाच गोलाने हरला होता.

हे नाव ह्या अंकाच्या किती वाचकांना ठाऊक होते? शाळेतल्या नववीच्या वर्गात मी विचारले. रोनाल्डिन्होचे नाव सगळ्या हातांना माहीत होते. बिबियानोंचे एकाही नाही. मुलांचा दोष नाही. त्यांना आम्हीच कधी सांगितले नाही. ही मुले घरी मराठी बोलतात, गल्लीत कानडी बोलतात, आणि मोबाइलवर स्पॅनिश क्लबांची इंग्रजी कॉमेंटरी ऐकतात. बार्सिलोनाच्या राखीव खेळाडूंची नावे त्यांना पाठ आहेत. पण पणजी, मडगाव, कोल्हापूर, बेळगाव ह्या चौकोनात केवढा खेळ होऊन गेला ह्याचा त्यांना पत्ता नाही. गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार होते आणि त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, हे नव्या पिढीला सांगावे लागते.

त्या मानाने कोल्हापूर भाग्यवान. तिथे फुटबॉल तालमींतून वाढला. कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ काढले, ही जगात क्वचितच कुठे सापडणारी गोष्ट. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ह्या तालमींचा सामना शाहू स्टेडियमवर असला की पेठाच्या पेठा उठून जातात. विश्वचषकाच्या वेळी तिथल्या गल्ल्यांत ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात आणि त्याच गल्लीत आपल्या तालमीच्या तीस वर्षांपूर्वीच्या आघाडीपटूचे नावही आदराने घेतले जाते. तो म्हातारा कट्ट्यावर बसलेला असतो आणि पोरे त्याला 'मामा, पाय कसा पडायला पाहिजे, सांगा की' असे विचारतात. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवने २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताची जर्सी घातली, ती अशा कट्ट्यांमुळेच असे मला वाटते. कलकत्त्याच्या १९७७ च्या प्रेक्षकाकडे जी पुंजी होती, तीच लहान प्रमाणावर कोल्हापूरकडे आहे. कोल्हापूरचा माणूस उद्या रोनाल्डिन्होला पाहायला गेला, तर तो रिकाम्या हाताने जाणार नाही.

आमच्या शाळेत दर वर्षी स्नेहसंमेलनाच्या आधी आजी आणि माजी विद्यार्थ्यांचा फुटबॉल सामना होतो. माजी विद्यार्थ्यांत कोणी बँकेत आहे, कोणी वीटभट्टी चालवतो, कोणी लष्करातून निवृत्त होऊन आलेला आहे. पोटे सुटलेली, दम लागलेला. एक साठीचे गृहस्थ दर वर्षी येतात. ते एके काळी जिल्ह्याच्या संघाचे बिनीचे खेळाडू होते. आता ते धावत नाहीत. उजव्या कोपऱ्यात उभे राहतात आणि चेंडू आला की डाव्या पायाने तो असा काही वळवतात की गोलरक्षक पोरगा चकतो. दोन वर्षांपूर्वी मी त्या सामन्याआधी मुलांना एकच काम दिले. प्रत्येकाने एका माजी खेळाडूला भेटून त्याच्या सर्वांत चांगल्या सामन्याची हकिगत लिहून आणायची, मराठीत किंवा कानडीत. त्या वर्षीचा सामना नेहमीसारखाच मंद झाला. पण ह्या वेळी गृहस्थांच्या डाव्या पायाशी चेंडू आला तेव्हा मुले आधीच उभी राहिली होती. पाय वळण्यापूर्वीच! कारण तो पाय पूर्वी काय करत असे, हे त्यांनी लिहून काढले होते. प्रदर्शनीय सामन्याचा सगळा सिद्धान्त मला त्या एका क्षणात दिसला. खेळाडू तोच, त्याचे वय एका वर्षाने वाढलेले, पण प्रेक्षक तयार होऊन आलेला होता.

माझे म्हणणे एवढेच आहे. निवृत्तांचा सामना चांगला की वाईट, हे बऱ्याच अंशी पाहणाऱ्याच्या पुंजीवर ठरते, आणि ती पुंजी दूरच्या पडद्यावर साठत नाही. ती जवळच्या मैदानाच्या कडेला उभे राहून साठवावी लागते. ज्याने आपल्या गावचा डावा पाय पाहिला आहे, त्याला रिओचा डावा पायही अधिक कळतो. वाचनाचेही असेच असते, हे दोन भाषांत वाढणाऱ्या आपल्या घरांना मी वेगळे सांगायला नको. आपल्या भाषेतला एखादा लेखक मनापासून वाचलेला असला, तरच परभाषेतला थोर लेखक खऱ्या अर्थाने थोर वाटतो. नाहीतर तो नुसता प्रसिद्ध वाटतो.

परदेशी ताऱ्यांचे सामने ह्यापुढेही आपल्या देशात होत राहतील. अवश्य जावे, मुलांना घेऊन जावे. रोनाल्डिन्होसारखा माणूस हसत हसत चेंडू सरकवताना पाहणे हे भाग्यच आहे. पण जाण्याआधीच्या रविवारी जवळच्या मैदानावर एक चक्कर मारावी. कडेला कोणी जुना खेळाडू बसलेला असतोच. त्याच्याशेजारी बसावे आणि त्याचा चांगला सामना कोणता, हे त्याला विचारावे.